त्या नळाला हात लावायचा नाही

क्लॅरी गॅटनबीचे कान देवाने खास नळांसाठी बनवले होते, असं आमच्या गल्लीचं मत होतं. ऐंशीकडे झुकल्यावर त्याला माणसांचं बोलणं नीट ऐकू येईनासं झालं. चहा घेणार का म्हणून विचारलं, तर तो उद्याचं हवामान सांगायचा. पण चार घरं पलीकडे कुणाच्या न्हाणीघरात नळ ठिबकत असला, तर तो ह्याला अंथरुणात ऐकू यायचा. सकाळी हातात पाना घेऊन दारात हजर. "लोरेन, तुझा गरम पाण्याचा नळ गेलाय!" असं तो मला फाटकातूनच ओरडून सांगायचा आणि सरळ आत यायचा. बाई अजून झोपायच्या कपड्यांत आहे, तिचे केस उभे आहेत, असल्या गोष्टींची त्याला पर्वा नसायची.

तो प्लंबर होता, आणि निवृत्त झाल्यावर तर जास्तच प्लंबर झाला. आधी लोक बोलवायचे तेव्हा जायचा, नंतर न बोलावता जायला लागला. त्याचं लहानपण पश्चिमेला, कोबारकडच्या कोरड्या मुलखात गेलं होतं. छपरावरून टाकीत पडेल तेवढंच पाणी. एका टबातल्या पाण्यात आधी आईची अंघोळ, मग बहिणीची, मग ह्याची, शेवटी बापाची, आणि उरलेला चिखल भोपळ्याच्या वेलाला. टाकीचा नळ गळायला लागला की त्याची आई खाली कप ठेवायची आणि कप भरेपर्यंत कुणाशी बोलायची नाही. आमचा डोंगर म्हणजे बाराही महिने धुक्यात. इथे धुतलेले मोजे आठवडाभर ओले राहतात. पण क्लॅरीने आमच्या नळांकडे कायम कोबारच्याच डोळ्यांनी पाहिलं.

"थेंबे थेंबे तळं साचतं," हे त्याचं पालुपद. काम झालं की नळातून काढलेला जुना, झिजलेला वायसर तळहातावर धरून दाखवायचा. "हा बघ तुझा चोर." मग चोर खिशात, आणि खिशातून घरी, बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात. आयुष्यभराचे चोर त्याने तिथे कोंडून ठेवले होते. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे असले डबे उचलून फेकणारं घरात कुणी नव्हतं.

अख्ख्या गल्लीत एकच नळ त्याला शरण आला नव्हता, आणि तो नेमका त्याच्या समोरच्या घरी होता. डल्सी प्रॉसरच्या परसातला. डल्सी त्याच्याच वयाची, काटक, तोंडाने तिखट. तिचा नवरा ऑब्रे धबधब्याखालच्या पायवाटांवर कामाला असायचा. दगडी पायऱ्या बसवायच्या, कठडे रंगवायचे, आणि कठडा ओलांडून झाडं ओरबाडणाऱ्या पर्यटकांवर खेकसायचं, हे त्याचं काम. ऑब्रे जाऊन वीस वर्षं झाली होती. नळ त्याच्या आधीपासून गळत होता.

त्या दोघांचं कुंपणावरचं भांडण मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

"डल्सी, तो नळ."

"कुठला नळ?"

"कुठला ते तुला चांगलं ठाऊक आहे."

"त्या नळाला हात लावायचा नाही, क्लॅरी."

"अगं, पाच मिनिटांचं काम आहे."

"मग ती पाच मिनिटं तुझ्या तोंडाला दे. तिथे गळती जास्त आहे."

"थेंबे थेंबे तळं साचतं, बाई!"

"मला तळं नकोच आहे. मला थेंबच हवेत. जा आता, तुझा चहा गार होतोय."

का हवेत, ते ती कधी सांगायची नाही. क्लॅरीच्या मते तो निव्वळ हट्ट होता. मला वाटायचं, ऑब्रेची आठवण असेल. माणसं काय वाट्टेल ते जपून ठेवतात. नळाखाली एक अर्धी तुटकी, शेवाळलेली वीट पडलेली असायची आणि विटेला लागून गुडघाभर उंचीचं एक राखाडी हिरवं झुडूप. पानं म्हणाल तर खवल्याएवढी, फांद्या खाली लोंबणाऱ्या, न विंचरलेल्या केसांसारख्या. त्याच्याकडे कुणी वळून पाहावं असं त्याच्यात काही नव्हतं. मी तर इतकी वर्षं त्याला वाढलेलं शेवाळच समजत होते.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. आमचा धबधबा आटत आटत कड्यावरचा ओला डाग तेवढा राहिला. पर्यटक कठड्याशी उभे राहून आम्हालाच विचारायचे, "धबधबा कुठे आहे हो?" पश्चिमेकडून धुराचा वास यायचा, आणि दुपारी वारा सुटला की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. बागेला पाइप लावायला बंदी आली. घालायचं तर झारीने घाला. क्लॅरीला ह्या बंदीने जणू राज्याभिषेकच झाला. आमच्या गल्लीतल्या डेस्मंड पिकेटने एकदा अंधाराचा फायदा घेऊन मोटार धुतली, तर क्लॅरी त्याच्या फाटकाशी उभा राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या आईवडिलांच्या संस्कारांची चौकशी करत होता.

नाताळ, म्हणजे आमच्याकडचा भर उन्हाळा, महिन्यावर आला असताना डल्सी पडली. पांढऱ्या काकाकुव्यांची टोळी तिच्या व्हरांड्याचं लाकूड कुरतडत होती. ती झाडू घेऊन त्यांच्या अंगावर धावली, आणि काकाकुवे उडाले, ती नाही उडाली. खुब्याचं हाड मोडलं. खाली पेनरिथच्या हॉस्पिटलात न्यायला गाडी आली तेव्हा स्ट्रेचरवरून तिने घराची किल्ली क्लॅरीच्या हातात दिली. "कुंड्यांना पाणी घाल. मांजराला जास्त खायला घालू नकोस, ते खोटं रडतं." नळाबद्दल ती काही बोलली नाही. वीस वर्षं बोलत होती, आणखी काय बोलणार!

आणि क्लॅरीने तो नळ दुरुस्त केला.

त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. बाई दुखणं काढून घरी येईल तेव्हा तिला एक भेट, असं त्याच्या मनात होतं. त्याने नळ उघडला, वायसर जिच्यावर बसतो ती आतली झिजलेली पितळी बैठक घासून सपाट केली, नवा वायसर घातला, वरून पितळ चमकवलं. नळाखालची वीट तारेच्या ब्रशने घासघासून तिचं शेवाळ काढलं आणि तिला वाटेच्या कडेला नीट ओळीत बसवलं. मग मला हाक मारून नेलं.

"ऐक."

"काय ऐकू?"

"अगं, काहीच नाही! काहीच ऐकू येत नाही!"

त्याचा चेहरा पहिल्या नंबराने पास झालेल्या पोरासारखा फुलला होता. मी त्याची पाठ थोपटली. एवढ्या वर्षांची टपटप थांबलेली मलाही बरीच वाटली.

कुंड्यांना पाणी त्याने इमानाने घातलं. उरलेली झारी तो त्या झुडपाच्या बुंध्याशी ओतायचा, कारण पाणी घालायचं तर सगळ्यांना सारखं, ही त्याची शिस्त. तरीही दोनेक आठवड्यांत ते झुडूप शेंड्यांकडून करपायला लागलं. आधी वाऱ्याकडची बाजू गेली, मग वरचा माथा.

"रोज पाणी पितंय आणि तरी सुकतंय," क्लॅरी कुरकुरला. "मालकिणीवर गेलंय. हट्टी."

मी त्याची एक डहाळी खुडली आणि शनिवारी सोबत नेली.

दर दुसऱ्या शनिवारी आम्ही काही मंडळी धबधब्यावरच्या ओढ्यात तण काढायला जातो. आमची म्होरकी रॉस्लिन. तिचा नियम असा की तण जिथे माजलंय तिथे तुटून पडायचं नाही. जिथे रान चांगलं आहे तिथून सुरुवात करायची आणि वाईटाकडे हळूहळू सरकायचं. रान मागून जेवढं भरत येईल तेवढंच पुढे जायचं. हात जरा सैल सोडून उपटलंत की ती मागून येऊन म्हणते, "बाई, तुम्ही साफसफाईला आलेल्या नाही आहात." दहाच्या चहाला मी लॅमिंग्टन केकच्या डब्याशेजारी ती डहाळी ठेवली आणि म्हटलं, "रॉस्लिन, हे कसलं शेवाळ गं?"

रॉस्लिनने कप खाली ठेवला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"हे कुठे मिळालं तुला?"

"एका मैत्रिणीच्या परसात."

"शक्यच नाही."

"बरं, नाही मिळालं."

"लोरेन, थट्टा करू नकोस. हे शेवाळ नाही, हा बुटका पाइन आहे. धबधब्याच्या मागच्या कपारींत वाढतो. आपल्या इथल्या मोजक्या धबधब्यांवर, आणि जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही नाही." तिने कड्याकडे हात केला. "ह्याला तुषार लागतात. डोकं सतत ओलं लागतं. यंदा पाणीच नाही, तर तिथलेही करपतायत. मी कठड्यावरून दुर्बिणीने बघते आणि घरी जाऊन रडते. तुझ्या मैत्रिणीकडे तो जगला कशावर? वरून काही ठिबकतं का तिथे?"

"ठिबकत होतं," मी म्हटलं. "एका सज्जन माणसाने थांबवलं."

क्लॅरीला सांगायला मी तशीच गेले, हातमोजे न काढता. तो डल्सीच्या परसात उपड्या बादलीवर बसून ऐकत राहिला. ह्या खेपेला त्याला शब्दन् शब्द ऐकू आला.

"म्हणजे मी मारलं."

"अजून मेलेलं नाही. ही भिंतीकडची बाजू बघ, हिरवी आहे."

"ऑब्रेने आणलं असणार हे."

"दुसरं कोण आणणार?"

"तो तर लोकांना झाडाचं पान तोडू द्यायचा नाही!"

"म्हणूनच ती कधी बोलली नाही ना, क्लॅरी. मेलेल्या नवऱ्याचं नाव खराब कोण करून घेईल?"

त्याने त्या चमकत्या नळावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "नवीन वर्ष लागलं की ती घरी येणार आहे." तेव्हा मला दिसलं की हा माणूस घाबरलाय. वीस वर्षं ज्या बाईशी तो कुंपणावरून भांडत होता, तिच्याशी भांडल्याशिवाय त्याचा दिवस जात नव्हता. आणि तिने ऑब्रेचं म्हणून सांभाळलेलं एकच जिवंत काहीतरी त्याने तिच्या पाठीमागे, तिच्याच किल्लीने आत शिरून करपवलं होतं.

"नळ थोडा सैल सोडून ठेव की," मी म्हटलं. "त्यात काय आहे?"

"तुम्हा लोकांना वाटतं तेवढं सोपं नसतं ते. सैल सोडला तर सकाळी थेंब पडेल, दुपारी दाब वाढला की धार लागेल, रात्री बंद. तिचा नळ एका चालीने गळायचा. तसं गळायला नळाला वर्षानुवर्षं झिजावं लागतं. आणि ती झीज मी घासून टाकली."

त्याने घरून बिस्किटांचा डबा आणला. परसात गोणपाट पसरलं आणि सगळे चोर त्यावर ओतले. काळे, तांबडे, चामड्याचे, रबराचे, फाटके, चपटे झालेले. एकेक वायसर उचलायचा, नळात बसवायचा, पाणी सोडायचं, कान लावायचा, मान हलवायची, काढायचा. वरून ऊन मी म्हणत होतं. झुडपावर त्याने ओल्या गोणपाटाचं छप्पर केलं होतं, आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीने तो अधूनमधून त्याच्या डोक्यावर फवारा मारायचा. आयुष्यभर ज्याने नळ बंद केले, तो आता नळ गळावा म्हणून घाम गाळत होता, आणि त्याला ते जमत नव्हतं.

डेस्मंड पिकेट अशी संधी थोडीच सोडणार! तो कुंपणावर कोपरं टेकून उभा राहिला.

"काय क्लॅरी? नळ गळतोय वाटतं."

"गळतोय."

"पाण्याची बंदी चालू आहे म्हणतात."

"चालू आहे."

"मग?"

"मग काय मग! मीच गळवतोय! आणि जेवढं गळेल तेवढं मी माझ्या अंघोळीतून कापतोय. जा, सांग जाऊन कुणाला सांगायचं ते!"

हे त्याने खरंच केलं. नाताळच्या जेवणाला आमच्याकडे आला, तेव्हा मी त्याची खुर्ची खिडकीपाशी ठेवली आणि खिडकी उघडी ठेवली.

मधल्या एका रविवारी आम्ही दोघं गाडीने पेनरिथला गेलो. डल्सी उशांना टेकून बसली होती. आम्ही नेलेल्या चेरी तिने एकेक तपासून खाल्ल्या.

"मांजर?"

"जाड झालंय," क्लॅरी म्हणाला.

"सांगितलं होतं तुला. कुंड्या?"

"बऱ्या आहेत."

"आणि माझ्या नळाला हात लावला नाहीस ना?"

त्या क्षणी क्लॅरीला ठार ऐकू येईनासं झालं. "हो, उद्या सदतीसपर्यंत जाणार म्हणतात," तो म्हणाला, आणि टोपी घेऊन पाणी प्यायला बाहेर गेला तो आम्ही निघेपर्यंत आलाच नाही. डल्सीने माझ्याकडे पाहिलं. मी चेरीच्या बिया गोळा करत राहिले.

परतीच्या गाडीत तो म्हणाला, "खोटं बोललो नाही मी." मी म्हटलं, "नाही, तू हवामान बोललास."

अखेर वायसर सापडला. तपकिरी चामड्याचा, एका कडेला चंद्रकोरीएवढा खाल्लेला. पण आता थेंब पडायचा तो सरळ मातीत, आणि झुडूप कोरडंच. क्लॅरी डोकं धरून बसला. विटेची आठवण मलाच झाली. वाटेच्या कडेची ती वीट आम्ही उपटली. शेवाळ गेलं होतं, पण थेंबांनी वर्षानुवर्षं कोरलेला वाटीसारखा खळगा घासून थोडाच जातो? क्लॅरी जमिनीवर पालथा झोपला आणि वीट कणाकणाने सरकवत राहिला. थेंब खळग्याच्या मधोमध पडायला लागला, फुटला, आणि त्याचा बारीक तुषार उडून झुडपाच्या त्या राहिलेल्या हिरव्या अंगावर बसला.

"ऐक!" तो ओरडला.

टप्. फस्. टप्. फस्.

"ऐकतेय रे बाबा," मी म्हटलं. त्याच्या कोपरांना चिखल, डोळ्यांत पाणी. माझेही डोळे भरून आले. एका गळक्या नळापायी दोन म्हातारी माणसं चिखलात रडतायत, हे डेस्मंडने पाहिलं असेल तर पाहिलं.

डल्सी चालायचा वॉकर घेऊन घरी आली, ती आधी मागच्या दारी गेली. तिथे उभी राहून तिने नुसतं ऐकलं. वळून पाहायच्या आधीच म्हणाली, "आवाज बदललाय."

क्लॅरी टोपी हातात घेऊन उभा होता. "मी दुरुस्त केला होता. मग बिघडवला. मला ठाऊक नव्हतं, डल्सी."

मग तिने झुडूप पाहिलं. अर्ध्याहून जास्त तपकिरी झालेलं. क्लॅरीने टोपीची कड पार चुरगळून टाकली.

"एका पावसाळी वर्षी कड्याचा एक तुकडा खाली आला," ती शेवटी म्हणाली. "त्याच्यावरच हे होतं. ऑब्रेने तोडलं नाही. पडलेलं उचललं, टोपीत घालून आणलं."

सगळे चोर असंच म्हणतात, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं.

"हा नळ तेव्हाही गळायचा. मी त्याच्या मागे लागले होते, दुरुस्त कर म्हणून. त्याला कुठे काय येत होतं! म्हणाला, डल्स, दुरुस्त तर होत नाही, निदान त्याला काहीतरी काम देऊ. आणि हे लावलं." ती क्लॅरीकडे वळली. "त्याला नळ बंद करता आला नाही, आणि तुला गळता ठेवता आला नाही. घरी जा, क्लॅरी."

तो गेला. सगळा उन्हाळा ती त्याच्याशी बोलली नाही. रोज सकाळी तो रस्ता ओलांडून तिच्या परसात जायचा, थेंब खळग्यात पडतोय ना ते पाहायचा, करपलेली एखादी काडी उचलायचा आणि परत यायचा. ती स्वयंपाकघराचा पडदा ओढून घ्यायची. मी दोघांकडे जायचे, दोघं मला दुसऱ्याची खबर विचारायचे नाहीत, आणि दुसऱ्याचं नाव निघेपर्यंत मला जाऊही द्यायचे नाहीत. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली होती.

फेब्रुवारीत पाऊस आला तो आभाळ फाटल्यासारखा. धबधबा रात्रीतून परत आला. त्याची गाज आमच्या गल्लीपर्यंत यायची. आणि थंडी पडायच्या सुमारास एका सकाळी डल्सीचा पडदा उघडा होता.

"ए म्हाताऱ्या! इकडे ये."

भिंतीकडच्या बाजूला हिरवे शेंडे फुटले होते, गव्हाच्या दाण्याएवढे. तिने तपकिरी अंग कात्रीने छाटून टाकलं होतं. झुडूप अर्धंच राहिलं होतं आणि वेडंवाकडं दिसत होतं, पण जिवंत होतं. डल्सीने कान तुटलेला एक कप त्याच्या हातात दिला. त्यात ओल्या वाळूत बोटाएवढी एक डहाळी खोचलेली.

"मुळं धरली आहेत. तुझ्या मागच्या नळाखाली लाव."

"माझा नळ गळत नाही, डल्सी."

"गळेल," ती म्हणाली. "आता तुला कसब आलंय."

क्लॅरी गॅटनबीने स्वतःच्या घरचा, स्वतःच्या हाताने बसवलेला नळ गळता केला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नवा कोरा वायसर त्याने चाकूने चंद्रकोरीएवढा कापला. विटेला खळगा छिन्नीने केला. पुढली वर्षं तो रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन तिथे बसायचा. रस्त्यापलीकडून डल्सी विचारायची, "गळतोय का रे?" आणि हा आनंदाने ओरडायचा, "गळतोय!" एकदा मला म्हणाला, "लोरेन, आई कप भरेपर्यंत बोलायची नाही ना, मला वाटायचं ती रागावलीय. आता वाटतं, ती ऐकत असेल." डहाळी वीतभर झाली तेव्हा त्याने आम्हा दोघींना फळांचा केक खायला बोलावलं.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. तिथेच, त्या खुर्चीत, गुडघ्यांवर गोधडी घेऊन. चहा निम्मा प्यायलेला होता.

घर लिथगोच्या भाच्याला गेलं. भाचा भला माणूस आहे, पण त्याला घर विकायचं होतं. त्याने सगळं ठाकठीक करायला एक तरणा प्लंबर पाठवला. मी डल्सीला हाताला धरून उन्हात बसवत होते, तेवढ्यात क्लॅरीच्या परसातून त्या प्लंबरचं हसू ऐकू आलं.

"अरे देवा! प्लंबरचं घर ना हे? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!"

आणि पाना काढल्याचा आवाज.

डल्सी कशी उठली ते मला कळलंच नाही. वॉकर खडखडवत ती रस्त्याच्या मधोमध पोचली होती. येणारी मोटार थांबली, तिच्याकडे तिने पाहिलंही नाही.

"त्या नळाला हात लावायचा नाही!"

तो तरणा पोरगा पाना हातात घेऊन दचकून उभा राहिला. "आजी, गळतोय हो. पाच मिनिटांचं काम आहे."

हे शब्द ऐकले आणि डल्सी थबकली. मला वाटलं, आता पडते. मी धावत जाऊन तिला मागून धरलं. ती आधी हसली आणि मग रडायला लागली. एवढ्या वर्षांत मी तिला कुणासमोर रडताना पाहिलं नव्हतं, ऑब्रेच्या वेळीसुद्धा नाही.

"गळत नाहीये तो," ती म्हणाली. "त्याने तसा केलाय. त्या माणसाने जन्मात एवढी मेहनत दुसऱ्या कुठल्या नळावर घेतली नाही."

पोरगा खाली वाकला. विटेवर फुटणारा थेंब त्याने पाहिला, तुषाराने भिजलेलं ते वीतभर झुडूप पाहिलं. त्याला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण पाना त्याने पिशवीत टाकला.

"पण मग घर घेणाऱ्याला काय सांगायचं?"

डल्सीने नाक पुसलं.

"सांग, नळ असाच मिळेल," ती म्हणाली. "आणि समोरची म्हातारी रोज सकाळी येऊन बघून जाईल."